गाळाचं खोरं भूकंपात कसं हलतं? संगणकातलं मॉडेल, आणि माझी त्यातली एक चूक

मागच्या दिवाळीत रावेरचे मामा आमच्याकडे सुप्याला आले होते. आमच्या विहिरीजवळ उभे राहून म्हणाले, "तुमच्याकडे दोन हात खणलं की मुरूम. आमच्याकडे दोनशे फूट बोअर मारला तरी दगडाचं नाव नाही. मग भूकंप आला तर जास्त कोण हलणार, तुम्ही की आम्ही?" मामा गावात तीन मजली घर बांधायला काढतायत, त्यामुळे प्रश्न गंमतीचा नव्हता.

मी सॉफ्टवेअरवाला. डिग्री इंजिनिअरिंगची असली तरी सिव्हिलची नाही. पण या प्रश्नाचं उत्तर जगभर सॉफ्टवेअरनेच शोधतात, हे कळल्यावर मी दोन-तीन महिने रात्री त्याच्या मागे लागलो. त्यातून जे समजलं ते इथे लिहितोय. सूत्र एकच आहे आणि तेही सहावीतल्या मुलाला जमेल असं. घाबरू नका.

आधी पायाखालची जमीन

सुपा पारनेर तालुक्यात, पुणे-नगर रस्त्यावर. इथे विहीर खणताना थर कसे लागतात ते गावातल्या कुणालाही पाठ असतं: वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, आणि शेवटी सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक साचलेले थर. हे थर सगळीकडे सारखे जाड नाहीत. कोयनेजवळ शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तिथे बेसाल्ट सुमारे सव्वा किलोमीटर जाड निघाला. किल्लारीत भूकंपानंतर भोक पाडलं तर तो ३४० मीटरच्या आसपासच होता, आणि त्याच्याखाली जुन्या गाळाचा एक पातळ थर.

आता तापी-पूर्णेचं खोरं बघा. रावेर, यावल, चोपडा आणि तिकडे अकोला, बुलढाण्याचा खारपाण पट्टा. सातपुड्याच्या पायथ्याला जमीन खचत गेली आणि नद्यांनी लाखो वर्षं त्या खळग्यात गाळ भरला. काही ठिकाणी हा गाळ तीनशे-चारशे मीटर जाड आहे. म्हणजे मामांच्या केळीखाली वाळू, चिकणमाती आणि गोटे यांचा शंभर मजली इमारतीएवढा ढीग आहे, आणि त्याच्या तळाशी कुठेतरी आपला ओळखीचा काळा पाषाण. अशा दगडी परातीत भरलेल्या गाळाला गाळाचं खोरं म्हणतात. महाराष्ट्रात एवढं जाड दुसरं नाही.

आणि तिकडे भूकंप होतच नाहीत असंही नाही. १४ मार्च १९३८ ला सातपुड्याच्या भागात साधारण ६.२ चा भूकंप झाला होता. २२ मे १९९७ ला जबलपूरला ५.८ चा झाला, तोही याच नर्मदेच्या पट्ट्यातला.

लाट मोठी का होते?

भूकंपाची ताकद वेगळी आणि तुमच्या घराखालचा हादरा वेगळा. बातम्यांत येणारा ६.२ किंवा ७.७ हा आकडा जमिनीत फुटलेल्या भेगेचा असतो, तुमच्या गावाचा नाही. ती ऊर्जा तुमच्यापर्यंत लाटेच्या रूपाने येते. वाटेत आणि विशेषतः शेवटच्या काही मीटरमध्ये तिचं काय होतं, यावर घर राहणार की पडणार हे बरंचसं ठरतं.

पुण्याहून सुप्याला येताना वाघोलीत काय होतं ते आठवा. मिनिटाला जेवढ्या गाड्या येतायत तेवढ्याच पुढे जातायत, पण वेग कमी झाला म्हणून बंपरला बंपर लागतो. लाटेचंही तसंच. कठीण बेसाल्टमध्ये आडवी हलणारी लाट सेकंदाला दोन किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने पळते. मऊ गाळात तीच दोनशे मीटरवर येते. ऊर्जा तर वाहायलाच हवी, मग वेगात गेलेली कसर ती डोलण्यात भरून काढते. थर हळूहळू मऊ होत गेले असं धरून या आकड्यांचं गणित केलं, तर नुसतं मंदावण्यामुळे हेलकावा जवळपास चौपट होतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: नाद. घरात खरवस झाला की एक प्रयोग करा. स्टीलच्या डब्यातला खरवस ताटलीत उलटा काढा आणि ताटली बोटाने आडवी हलवा. अगदी सावकाश हलवली तर तो ताटलीबरोबर सरकतो. खूप भरभर हलवली तर वरचा भाग जवळपास स्थिर राहतो. पण मधला एक वेग असा सापडतो की ताटली नखभर हलतेय आणि खरवस मात्र बेभान झालाय. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये रेकॉर्ड करा, फार छान दिसतं. तो जो मधला वेग आहे ती खरवसाची नैसर्गिक वारंवारता.

मातीच्या थरालाही अशीच वारंवारता असते आणि तिचं सूत्र हे:

वारंवारता = लाटेचा वेग ÷ (४ × थराची जाडी)

सुप्यात तीन मीटर माती, वेग सेकंदाला १८० मीटर धरू. १८० ÷ १२ = १५. म्हणजे सेकंदाला १५ हेलकावे. एवढ्या भरभर हलणारं घर नसतं, शिवाय पाया मुरमात नेल्यावर ती माती बाजूलाच होते. आता तीस मीटर गाळ, वेग २००. उत्तर सेकंदाला १.६७ हेलकावे, म्हणजे एका हेलकाव्याला ०.६ सेकंद. इमारतींचा ढोबळ हिशेब असा की मजल्यामागे ०.१ सेकंद. सहा मजली इमारत अशा गाळावर उभी असेल तर जमीन आणि इमारत एकाच सुरात गातात. तीस मीटर गाळाखाली थेट कठीण बेसाल्ट असेल, तर त्या सुरात हादरा उघड्या खडकाच्या मानाने साधारण सात पट होऊ शकतो. हे मातीत होणारा पाच टक्के क्षय धरून बरं का. क्षय धरला नाही तर आकडा आणखी फुगतो.

मेक्सिको सिटीत १९ सप्टेंबर १९८५ ला नेमकं हेच झालं. भूकंप ८.० चा, पण साडेतीनशे किलोमीटरहून दूर समुद्रकिनाऱ्याजवळ. शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या चिखलावर वसलेला. खडकावरच्या यंत्राने गुरुत्वाकर्षणाच्या तीन-चार टक्के एवढा झटका नोंदवला, तळ्याच्या चिखलावरच्या यंत्राने सतरा टक्के. चिखलाचा हेलकावा सुमारे दोन सेकंदांचा. सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती सर्वात जास्त कोसळल्या. सहा-सात मजल्यांची इमारत दोन सेकंदांची नसते हे खरं, पण तडे जात गेले की इमारत मऊ होते, तिचा हेलकावा लांबतो आणि ती त्या सुराकडे सरकते. बुटकी घरं मात्र त्याच चिखलावर बरीच टिकली.

आपल्याकडचं उदाहरण अहमदाबाद. २६ जानेवारी २००१, भुजचा भूकंप. केंद्रापासून शहर जवळपास अडीचशे किलोमीटर लांब, साबरमतीच्या गाळावर. तरीही तिथे कित्येक बहुमजली इमारती पडल्या आणि शेकडो माणसं गेली.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमच्या घरात मांडणीवरची भांडी वाजली, एवढंच आजी सांगते. किल्लारी सुप्यापासून साधारण २४० किलोमीटर. अहमदाबाद भुजपासून तेवढंच. मी लगेच वाक्य टाइप केलं होतं: "बघा, खडकाने आपल्याला वाचवलं." मग खोडलं. किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता आणि भुजचा ७.६-७.७ चा. या मापात एक आकडा वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे भुजची ऊर्जा शंभराहून जास्त पट होती. अशी तुलना व्हॉट्सॲपवर शोभते, लेखात नाही. शिवाय किल्लारीत जी घरं पडून हजारो माणसं गेली, ती दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि वर जड माळवदाची होती. तिथे खाली बेसाल्टच होता. खडक आहे म्हणजे सुटलो, असं नसतं.

परातीच्या कडा

वरचं सूत्र फक्त वर-खाली बघतं. जणू थर दोन्ही बाजूंना अनंतापर्यंत पसरलेत. खोऱ्याला मात्र कडा असतात आणि खरी गंमत तिथेच आहे.

शेततळ्याच्या कडेला जोरात पाय आपटा. तरंग पलीकडे जातो, आपटतो, परत येतो. गाळाच्या खोऱ्यात लाट शिरली की तिचा काही भाग कडेला वळून पृष्ठभागावरून आडवा धावू लागतो. समोरच्या कडेला आपटून परततो. आत येणं सोपं, बाहेर पडणं अवघड, कारण मऊकडून कठीणकडे जाताना बरीचशी लाट मागे फेकली जाते. म्हणून खडकावर पंधरा सेकंदांत संपलेला भूकंप खोऱ्यात मिनिटभर चालू राहू शकतो. इमारतीला एका मोठ्या झटक्यापेक्षा असे तीस-चाळीस मध्यम झटके कधीकधी जास्त जड जातात.

कोबे शहरात १७ जानेवारी १९९५ ला सर्वात वाईट नुकसान एका लांब अरुंद पट्ट्यात झालं, आणि तो पट्टा भेगेच्या बरोब्बर वर नव्हता, थोडा बाजूला होता. नंतर मॉडेलमध्ये दिसलं की खालून सरळ वर आलेली लाट आणि कडेवरून आडवी आलेली लाट त्या पट्ट्यात एकाच वेळी पोचत होत्या. दोघींची बेरीज झाली. साध्या सूत्राला हे कधीच दिसलं नसतं. तापीच्या खोऱ्याची उत्तरेकडची कड सातपुड्याच्या पायथ्याला भेगेने कापलेली, म्हणजे बऱ्यापैकी उभी आहे. रावेर त्या कडेपासून लांब नाही. म्हणून मी नुसत्या सूत्रावर थांबलो नाही.

काठमांडूचं उलटं झालं. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप ७.८ चा, खोऱ्यात काही ठिकाणी पाचशे मीटरहून जास्त गाळ. या जाड गाळाचा सूर चार-पाच सेकंदांचा होता. इतका संथ सूर दोन-तीन मजली घरांना जुळत नाही. नुकसान भयंकरच झालं, पण जेवढी भीती होती त्या मानाने शहरातली बुटकी घरं जास्त वाचली. धरहरा मनोरा मात्र पडला.

संगणकात खोरं कसं भरतात

पूर्ण जमिनीचे छोटे ठोकळे करायचे, माइनक्राफ्टसारखे. प्रत्येक ठोकळ्यात तीन गोष्टी लिहायच्या: घनता आणि दोन प्रकारच्या लाटांचे वेग. मग खालून किंवा भेगेच्या जागी धक्का द्यायचा आणि संगणकाला सांगायचं: प्रत्येक ठोकळ्याने शेजाऱ्यांचा ताण बघून आपला वेग बदलावा, मग वेग बघून ताण बदलावा. पुन्हा वेग, पुन्हा ताण. हजारो वेळा. आत न्यूटनचा दुसरा नियम आणि स्प्रिंगचा नियम, यापलीकडे काहीही नाही. या पद्धतीला फायनाइट डिफरन्स म्हणतात. दुसरीही एक आहे, स्पेक्ट्रल एलिमेंट, तिच्यात ठोकळे वाकडे करून डोंगर-दऱ्यांना नीट बसवता येतात. स्पेकफेम थ्रीडी हे त्यातलं प्रसिद्ध सॉफ्टवेअर. फायनाइट डिफरन्सचं एसडब्ल्यू-फोर. दोन्ही फुकट आहेत आणि गिटहबवर सोर्स कोड उघडा आहे.

अडचण आकाराची. लाट नीट दिसायची तर तिच्या एका लांबीत आठेक ठोकळे तरी हवेत. वेग २०० आणि सेकंदाला २ हेलकाव्यांपर्यंत बघायचं असेल तर सर्वात छोटी लाट १०० मीटरची, म्हणजे ठोकळा १२.५ मीटरचा. आता ४० बाय ४० किलोमीटर खोरं आणि १० किलोमीटर खोली घ्या. ठोकळे झाले सुमारे ८२० कोटी. प्रत्येकात बारा आकडे, प्रत्येक आकड्याला चार बाइट. जवळपास ३९० जीबी मेमरी. शिवाय एका पावलात लाटेने एका ठोकळ्याहून पुढे उडी मारता कामा नये. ही अट कुरांट, फ्रीडरिख्स आणि लेवी यांनी १९२८ मध्येच मांडली, संगणक यायच्या आधी! खोलवरच्या खडकात दुसऱ्या प्रकारची लाट सेकंदाला सहा किलोमीटर पळते, म्हणून आपलं पाऊल एक मिलिसेकंदाचं होतं. एक मिनिट भूकंपाला साठ हजार पावलं. गुणाकार केला तर ४९० लाख कोटी वेळा ठोकळे अपडेट करायचे.

दुप्पट वारंवारता हवी असेल तर ठोकळे आठपट आणि पावलं दुप्पट, काम सोळा पट. उलट्या बाजूने, सेकंदाला अर्ध्या हेलकाव्यावर समाधान मानलं तर १२ कोटी ८० लाख ठोकळे आणि ६ जीबी. हे माझ्या लॅपटॉपवर बसतं. पण अर्धा हेलकावा म्हणजे दोन सेकंद, म्हणजे वीस मजली इमारत. मामांच्या घराबद्दल ते काहीच सांगत नाही. या क्षेत्रातली सगळी ओढाताण या एका गोष्टीत आहे: सामान्य माणसाच्या घराला लागणारी वारंवारता सगळ्यात महाग पडते.

२००४ मध्ये कॅलिफोर्नियात टेराशेक नावाचं सिम्युलेशन झालं. ६०० बाय ३०० बाय ८० किलोमीटर, २०० मीटरचे १८० कोटी ठोकळे, तेही सेकंदाला अर्ध्या हेलकाव्यापर्यंतच. त्यात एक अनपेक्षित गोष्ट दिसली. सॅन अँड्रियास भेग दक्षिणेकडून फुटत आली तर लहान-लहान खोऱ्यांची एक साखळी पाटासारखी काम करते आणि ऊर्जा थेट लॉस एंजेलिसच्या खोल खोऱ्यात आणून सोडते. भेग शहराखालून जात नाही, तरीही.

रोजच्या बांधकामासाठी एवढं कुणी करत नाही. तिथे एका उभ्या रेषेतलं मॉडेल चालवतात. शेक नावाचा प्रोग्रॅम १९७२ चा आहे, आणि त्याच्या पद्धतीची सॉफ्टवेअर आजही जगभर वापरात आहेत. जोरात हलल्यावर माती मऊ होते, ओली वाळू तर पाण्यासारखी वागते. हे त्या एका रेषेत जास्त तपशिलात धरता येतं.

माझं मॉडेल कसं खोटं बोललं

मी तीन मितींच्या भानगडीत पडलो नाही. खोऱ्याचा उभा काप घेतला, सातपुड्यापासून तापीच्या दक्षिणेपर्यंत, आणि पायथनमध्ये नमपाय वापरून तीनेकशे ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. गाळाची जाडी २५० मीटर धरली. रात्री अकराला रन केला आणि स्क्रीनवर मस्त दृश्य: लाट आली, गेली, आणि तिच्यामागे खोरं चाळीस सेकंद थरथरत राहिलं. मी व्हिडिओ बनवून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: "रावेरकर, सांभाळा." सकाळी मामींचा फोन. घर बांधायचं रद्द करू का, असं मामा विचारतायत म्हणाल्या.

दोन दिवसांनी सहज ठोकळ्यांचा आकार पाहिला. ५० मीटर. लाट १०० मीटरची. म्हणजे एका लाटेत दोनच ठोकळे! एवढ्या जाड जाळीत वेगवेगळ्या लांबीच्या लाटा वेगवेगळ्या वेगाने पळायला लागतात, खऱ्या जमिनीत पळत नसल्या तरी. मुख्य लाटेमागे शेपटीसारखी खोटी थरथर दिसते. आणि ती दिसतेही कशी, तर अगदी खोऱ्यात अडकलेल्या लाटेसारखी. मला जे बघायचं होतं तेच मला बगने दाखवलं.

ठोकळा १० मीटरचा केला. शेपटी बरीच कापली गेली, पण पूर्ण नाही. उरलेल्यातली निम्मी दुसऱ्या बगची निघाली: मॉडेलची तळाची आणि बाजूची कड भिंतीसारखी लाटा परत फेकत होती. खऱ्या पृथ्वीला तिथे भिंत नाही. त्यासाठी कडेला लाट शोषून घेणारा पट्टा लावावा लागतो, कापसाच्या गादीसारखा. तो लावल्यावर चाळीस सेकंदांची थरथर अठरा-वीस सेकंदांवर आली. ती मात्र ठोकळे आणखी बारीक केले तरी हलली नाही, म्हणजे ती खोऱ्याची.

मी आधी करायला हवं होतं ते नंतर केलं. ऑफिसात आम्ही कोडला युनिट टेस्ट लिहितो. इथली युनिट टेस्ट वर दिलेलं सूत्रच आहे. कडा काढून टाका, एकच ३० मीटर थर ठेवा, वेग २००. प्रोग्रॅमने १.६७ दिलं पाहिजे. माझ्या पहिल्या आवृत्तीने १.४ दिलं असतं, आणि मला पाच मिनिटांत कळलं असतं. या क्षेत्रातले लोक याहून पुढे जातात: वेगवेगळ्या गटांनी लिहिलेली सॉफ्टवेअर एकाच खोऱ्यावर चालवून उत्तरं जुळतात का ते बघतात, आणि मग खऱ्या भूकंपाच्या नोंदीशी ताडतात.

ग्रुपवर मी दुसरा व्हिडिओ टाकला आणि सविस्तर माफी लिहिली. पहिला व्हिडिओ सव्वीस जणांनी पुढे पाठवला होता. दुसरा दोघांनी.

आकडे येतात कुठून?

मॉडेलमधली सगळ्यात कच्ची गोष्ट म्हणजे जमिनीतला वेग. तो मोजायचा एक मार्ग: रांगेत चोवीस जिओफोन खुपसायचे, एका टोकाला लोखंडी पत्र्यावर घण मारायचा, आणि पृष्ठभागावरून पळणाऱ्या लाटेवरून खालच्या थरांचे वेग काढायचे. याला मासव म्हणतात. दुसरा मार्ग फार सुंदर आहे. जमीन नेहमीच बारीक थरथरत असते, वाऱ्याने, ट्रकने, समुद्राच्या लाटांनीसुद्धा. एकच यंत्र अर्धा तास ठेवायचं आणि आडव्या थरथरीला उभ्या थरथरीने भागायचं. जिथे शिखर येतं तो थराचा सूर. १९८९ मध्ये जपानच्या नाकामुरा यांनी ही रीत लोकप्रिय केली.

मग फोनने होईल का? मीही हेच विचारलं होतं. फायफॉक्स ॲपने फोनच्या सेन्सरचा डेटा काढता येतो, आणि ॲन्ड्रॉइडची भूकंप सूचना त्याच सेन्सरवर चालते, भारतात २०२३ पासून. पण त्या बारीक थरथरीच्या मानाने फोनचा सेन्सर जरा बहिरा आहे. एसटी गेल्यावर पूल किती हलतो हे तो ऐकेल, शांत रात्रीची जमीन नाही.

इंटरनेटवर जगभराचा तयार नकाशाही मिळतो. त्यात वरच्या तीस मीटरमधला वेग जमिनीच्या उतारावरून अंदाजलेला असतो: उभा डोंगर म्हणजे खडक, सपाट म्हणजे गाळ. खानदेशात हा अंदाज ठीक बसतो. सुप्याच्या माळावर फसतो, कारण आमचा माळ सपाट आहे पण खाली पाषाण आहे. उपग्रहाला विहीर दिसत नाही.

मग मामांच्या घराचं काय

रावेरला मी काही मोजलेलं नाही, त्यामुळे पुढचे वेग मी धरलेले आहेत. पूर्ण २५० मीटर गाळ, सरासरी वेग ४५०: सूर २.२ सेकंदांचा. तीन मजली घराला त्याचं काही देणंघेणं नाही. पण वरचे २५ मीटर जास्त मऊ असतील, समजा २२०, आणि त्याखाली घट्ट गोटे ५०० चे, तर त्या वरच्या थराचा स्वतःचा सूर निघतो ०.४५ सेकंद. वाढ दोनेक पट. सात पट नाही, कारण खाली लगेच बेसाल्ट नाही.

आता घर. भारतीय मानक १८९३ मध्ये इमारतीचा हेलकावा काढायची सूत्रं आहेत. दहा मीटर उंच, बारा मीटर लांब, भिंतींनी भरलेलं घर: ०.२६ सेकंद. भिंती नसलेला नुसता कॉलम-बीमचा सांगाडा: ०.४२ सेकंद.

मामांना तळमजला मोकळा हवाय. ट्रॅक्टर, केळीचे क्रेट, लग्नकार्यात मांडव. चारही बाजूंनी नुसते कॉलम, वर दोन मजले भिंतींचे. म्हणजे घर ०.२६ वरून ०.४२ च्या दिशेने सरकणार, थेट मातीच्या ०.४५ कडे. आणि सूर जुळला नाही तरी सगळं वाकणं त्या मोकळ्या मजल्याच्या कॉलमवरच येणार. अहमदाबादला पडलेल्या इमारतींत खाली पार्किंग असलेल्या, मोकळ्या तळमजल्याच्या इमारती भरपूर होत्या.

याच मानकात माती तीन प्रकारची धरलीय: कठीण, मध्यम, मऊ. एक सेकंदाच्या, म्हणजे दहाएक मजली इमारतीला मऊ मातीवर कठीण जमिनीच्या १.६७ पट भार धरावा लागतो. पण ०.४ सेकंदापर्यंत तिन्ही मातींना आकडा एकच, २.५. म्हणजे कागदावर मामांचं घर सुप्यात काय आणि रावेरात काय, जवळपास सारखंच. मला हे पटत नाही, पण मानक एका घरासाठी नाही, देशासाठी लिहिलेलं असतं. म्हणूनच ते जागेवरची तपासणी करायला सांगतं.

तर मी मामांना तीन गोष्टी सांगितल्या. प्लॉटवर पंधरा-वीस मीटरचं बोअर घेऊन माती तपासून घ्या, पाण्याच्या बोअरवाल्याच्या अंदाजावर जाऊ नका. कॉलमच्या रिंगा भूकंपाच्या मानकाप्रमाणे, टोकांना जवळजवळ आणि हूक आत वळवलेले, हे मिस्त्री बांधत असताना स्वतः उभं राहून बघा. आणि तळमजल्याला दोन दिशांना काँक्रीटच्या भिंती घ्या, त्या कुठे घ्यायच्या ते स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवेल.

पहिल्या दोन्हींना ते लगेच हो म्हणाले. बोअरचं मशीन पुढच्या महिन्यात येणार आहे, मीही जाणार आहे, जमलं तर जिओफोन भाड्याने घेऊन. तिसऱ्यावर मात्र थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "ते सगळं खरं रे, पण भिंत घातली तर ट्रॅक्टर वळणार कुठून?"

मी सध्या त्याचं मॉडेल करतोय. ट्रॅक्टरचं.